डावा पुढचा

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला एका निवृत्त पोस्टमास्तरांनी माझा हात हातात घेतला, तिथून हे सुरू झालं. म्हणजे सुरू आधीच झालं होतं, मला तिथून कळायला लागलं. मी दातांच्या कवळ्या बनवतो. पोस्टमास्तरांची कवळी तिसऱ्या खेपेला एकदाची बसली होती, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा सफरचंद चावून खाल्ल्याचं सांगायला ते मुद्दाम जिना चढून आले होते. आनंदाच्या भरात त्यांनी माझा उजवा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "काय ऊबदार हात आहे हो तुमचा!" मी हात असा काही ओढून घेतला की जणू तो त्यांच्या खिशात सापडला होता. कोपराचा धक्का लागून कुणाचा तरी खालचा जबडा प्लास्टरच्या घमेल्यात पडला. मास्तर दचकले. माझं तोंड एकदा सुटलं की थांबत नाही. मी लगेच सांगितलं की ही ऊब आमच्या घराण्यात आहे, माझे आजोबा दिव्याशिवाय नुसत्या तळहातावर मेण वितळवायचे, आणि थंडीत शेजाऱ्यांच्या कोंबड्या अंडी घेऊन त्यांच्या मांडीवर बसायला यायच्या. मास्तर वरच्या-खालच्या दोन्ही कवळ्या दाखवत हसले आणि गेले. मी उजव्या हाताकडे बघत बसलो. मघाशीच चहाचा ग्लास खाली ठेवला होता, तेवढीच ती ऊब. पण मी तो ग्लास उजव्या हातात कशाला धरला होता?

चाळीस वर्षं मी चहा डाव्या हातात धरत आलो आहे. उजव्या हाताला मेण असतं, प्लास्टर असतं, आणि मुख्य म्हणजे त्या हाताची बोटं मला लागतात. हिरडीवर केसाएवढा उंचवटा राहिला तर माणूस जेवत नाही, आणि तो उंचवटा डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. मी थापाड्या आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. एका न्यायाधीशाची कवळी पाण्याच्या पेल्यात ठेवली की आपली आपण शिक्षा सुनावत बसायची, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की दोन वकिलांनी ती मलाच परत सांगितली. माझ्या आजोबांची कवळी तळ्यात पडली आणि पुढं वर्षभर त्या तळ्यातले मासे हसत हसत गळाला लागले, हीही माझीच. तोंडानं मी हत्ती उडवले, विहिरी पळवल्या, पण बोटांनी कधी खोटं सांगितलं नाही. लोक माझ्या तोंडावर विश्वास ठेवत नव्हते आणि बोटांवर दात सोपवत होते. हा सौदा मला मान्य होता. तो तसाच चालू राहिला असता, लोणकढी आली नसती तर.

लोणकढी म्हणजे माझी घोडी. रंगानं कढवलेल्या लोण्यासारखी, पण नाव त्यासाठी नाही. शर्यतीच्या मैदानावरच्या एका ट्रेनरचा वरचा जबडा मी बनवला आणि त्याच्याच सल्ल्यानं शर्यतीत मागे पडलेली ही घोडी घेऊन बसलो. घरी येऊन सांगितलं, "अगं, मी घोडी घेतली." बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पंख आहेत का हो तिला?" मी म्हटलं, "खरंच घेतली." "खरंच तर तुम्ही रोजच सांगता." तबेल्यात नेऊन प्रत्यक्ष उभी केली तेव्हा बायकोनं घोडीच्या कपाळावर बोट टेकवून पाहिलं, रंग लागतो का बघावं तसं, आणि म्हणाली, "तुमची एवढी एकच लोणकढी चार पायांवर उभी राहिली." तेच नाव पडलं. माझ्या साऱ्या थापांत ही एक खरी होती, म्हणून मला तिचा लोभ जरा जास्त. ती अडथळ्यांवरून उडायची. लाल-पांढऱ्या दांड्या एकावर एक रचलेल्या, आणि त्यांच्यावरून ही अशी जायची की जणू खाली काहीच नाही, सवयीनं जरा उंच पाऊल टाकलं एवढंच. माझी पुतणी तिच्यावर बसायची. पुतणी शाळेत गणित शिकवते, मोजूनमापून बोलते, आमच्या घराण्यात कशी जन्मली कळत नाही. आणि घोडीची सगळी देखभाल मामांकडे. मामा कुणाचेच मामा नव्हते. तबेल्यातल्या जुन्या मोतद्दाराला सगळे मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो, वयानं मोठा असून.

मामांचा एक नियम होता: आधी पाय, मग चहा. पहाटे उठलं की तोंडात पाण्याचा घोटही घ्यायच्या आधी ते घोडीच्या पायांशी उकिडवे बसायचे आणि हाताची मागची बाजू चारी पायांवरून, गुडघ्यापासून खुरापर्यंत, हळू उतरवत न्यायचे. पुढचा उजवा, पुढचा डावा, मागचे दोन. पायामागं दोरीसारखी ताठ कंडरा असते, तिच्यावर घोड्याचा सगळा भार. ती तुटायच्या आधी कुरकुरते, आणि तिचं कुरकुरणं म्हणजे ऊब. सूज मागून येते, लंगडणं त्याच्याही मागून. "आधी हात गार पाहिजे," मामा म्हणायचे. "गरम हाताला सगळं जग थंडच लागतं, मालक." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. दुकानात चार गिऱ्हाइकांना मी ते माझं म्हणून ऐकवलंही होतं.

हंगामातली शेवटची स्पर्धा रविवारी होती. शनिवारी संध्याकाळी मामांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते हॉस्पिटलातच राहिले. जाताना मला चार वेळा बजावून गेले. रविवारी साडेपाचला मी तबेल्यात पोचलो, गारठ्यानं हात लाकडासारखे झाले होते. मी उकिडवा बसलो, गुडघे वाजले, लोणकढीनं वळून माझ्या टोपीचा वास घेतला. उजवा पुढचा गार. डाव्या पुढच्यावर हात उतरवत आणला आणि मध्यावर, बोटभर जागेत, काहीतरी लागलं. फार नाही. झोपलेल्या माणसाच्या उशीला असावी एवढी ऊब. दुसऱ्या कुणाला ती लागलीही नसती. मला लागली. केसाएवढा उंचवटा ज्याला लागतो त्याला ती न लागून कसं चालेल?

मंगळवारी पोस्टमास्तर गेल्यावर मी इथवर आलो आणि थांबलो. तीन आठवडे मी स्वतःला जी गोष्ट सांगत होतो ती अशी होती: बिचारा म्हातारा, थंडीनं काकडलेला, सवयीनं चहा आधी घेऊन बसला, हात गरम झाला, त्यामुळं घोडीच्या पायातली ऊब त्याला कळली नाही. चांगली गोष्ट होती. ऐकून कुणालाही माझी कीव आली असती, मलाही आली होती. पण चहा मी आधी घेतलाच नव्हता. आधी पाय पाहिला. ऊब लागली. मग उठलो, तबेल्याबाहेरच्या टपरीवर गेलो, चहा घेतला, आणि ग्लास उजव्या हातात धरला. हाताच्या मागच्या बाजूला लावला. फिरवला. दुसरा ग्लास घेतला. टपरीवाला म्हणाला, "काका, आज दोन?" मी त्याला सांगितलं की आमची घोडी एकदा शिट्टी मारून येणाऱ्या मालगाडीवरून उडी मारून पलीकडं गेली होती आणि गार्डनं तिला सलाम केला होता. तो हसला. मी परत आत आलो, बसलो, आणि त्या चांगल्या तापलेल्या हातानं पुन्हा चारी पाय पाहिले. चारी थंड. सहाला मामांचा फोन आला.

"पाहिलेत, मालक?"

"पाहिले."

"आधी पाय, मग चहा?"

"हो हो."

"डावा पुढचा? तिला तिथं जुनं दुखणं आहे."

"थंड," मी म्हटलं. दोन अक्षरं. त्यात हत्ती नव्हता, मालगाडी नव्हती, काही नव्हतं. आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं खोटं, आणि त्या क्षणी हाताला विचारलं असतं तर तेही धड खोटं नव्हतं.

का, म्हणून विचाराल तर उत्तर लाजिरवाणं आहे. प्रेक्षकांत माझी गिऱ्हाइकं येणार होती. महिनाभर मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला घोडी दाखवायचं वचन दिलं होतं, कारण एकाचाही विश्वास बसत नव्हता. घोडी म्हणजे या माणसाची आणखी एक थाप, असंच सगळे धरून चालले होते, आणि "बरं बरं, उडते का ती?" म्हणून माझ्या खुर्चीत तोंड उघडं टाकून हसायचे. निदान एका गोष्टीत मी खरा ठरणार होतो, आणि त्यासाठी एका सकाळी एक बोटभर ऊब आड येत होती. त्या दिवशी सतरा जण आले होते, एका ओळीत बसले होते. पाचव्या अडथळ्यापर्यंत लोणकढी पाण्यासारखी वाहत गेली. सहाव्यावरूनही गेली. दांडीला तिचा केसही लागला नाही. पलीकडं उतरली आणि पुढच्या पावलाला डावा पाय खाली ठेवेना. आवाज काही झाला नाही. पुतणी खाली उडी मारून लगाम धरून उभी राहिली आणि घोडी तीन पायांवर, चौथा वर धरून, एखादं भांडं सांभाळावं तसा. मी प्रेक्षकांकडं बघितलं. तिच्याकडं बघवेना म्हणून. सतराजणांनी एकदम आ वासला होता आणि मला ओळीनं माझंच काम दिसत होतं, दातांच्या दोन-दोन ओळी, एकसारख्या, चकचकीत, एकही त्यांचा स्वतःचा नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाय तपासला, मशीन लावून आतलं चित्र पाहिलं आणि सांगितलं, कंडरा मधोमध फाटली आहे. घोडी जगेल, चालेल. पुन्हा उडी मारणार नाही. मग त्यांनी विचारलं, "सकाळी पायात ऊब होती का?" सगळे माझ्याकडं वळले. आता सांगितलं असतं तरी खूप झालं असतं. मी म्हटलं, "थंड होता." आणि तेवढ्यानं दुसरं काहीतरी फाटलं, ते कुठल्या मशीनमध्ये दिसलं नाही. कारण मामा हॉस्पिटलातून धावतपळत ऐनवेळी मैदानावर पोचले होते आणि पुढच्या दोन पायांना पट्ट्या त्यांनी घाईत बांधल्या होत्या. तोवर घोडी फिरवून आणलेली, चारी पाय तापलेले, तेव्हा कुणाच्या हाताला काय कळणार? "सकाळी थंड होता," मामा जमिनीकडं बघत म्हणाले, "मालकांनी स्वतः पाहिला. म्हणजे बिघडलं ते मागाहून. पट्टी आवळली गेली माझ्या हातून." पुतणी म्हणाली, "छे हो मामा, मी अर्धं पाऊल आधी उडवली तिला." डॉक्टर म्हणाले, मैदान जरा टणक होतं. बायको म्हणाली, तिनंच निघताना मागून हाक मारली होती. अपराधासाठी अशी झुंबड मी कधी पाहिली नव्हती. चार चांगली माणसं एका पायासाठी भांडत होती आणि ज्याचा अपराध होता तो मध्ये उभा राहून सगळ्यांची समजूत घालत होता.

पुतणी आठवड्याभरात सावरली, कारण तिनं गणित करून पाहिलं आणि अर्ध्या पावलानं कंडरा फाटत नाही हे तिला पटलं. मामा सावरले नाहीत. ते सकाळी घोडीचे पाय बघायचे, पण एकदा हात उतरवला की पुन्हा उतरवायचे, पुन्हा पुतणीला बोलवायचे, "तू बघ गं, मला नीट कळत नाही." खरारा करताना त्यांचा हात पुढच्या डाव्याशी आला की थबकायचा. एकदा पट्टी बांधायला घेतली, सोडली, बांधली, सोडली, आणि शेवटी भिंतीशी जाऊन बसले. मी बघत होतो. एखाद्याच्या तोंडातले सगळे दात शाबूत असताना त्याला कवळी लावायला निघावं, तसं काहीतरी मी करत होतो.

म्हणून मंगळवारी, पोस्टमास्तर येऊन गेले त्या संध्याकाळी, मी घरी कबुली दिली. पुतणी जेवायला आली होती. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "त्या दिवशीचा पाय गरम होता बरं का. इतका गरम, की मी त्यावर चहा उकळून घेतला." बायकोनं कपाळावर हात मारला. पुतणी म्हणाली, "काका, काय हे! मामा तिकडं झुरतायत आणि तुम्हाला विनोद सुचतो." मी म्हटलं, "अगं, खरंच सांगतो." बायको म्हणाली, "खरंच तर तुम्ही रोजच सांगता. आमटी वाढू?" मला हायसं वाटलं. आणि ते हायसं वाटणं घेऊन मी पाटावरून उठलो, हात धुतले, हात पुसले, आणि मग कळलं की चहा उकळल्याचं शेपूट मी मुद्दामच जोडलं होतं. मला सांगायचं होतं आणि ऐकू जायला नको होतं. मला ऊब असूनही थंड हवं होतं. दुसऱ्यांदा.

शुक्रवारी मामांनी सांगितलं की ते रविवारी गावी निघतात, लेकीकडं. "हातातलं गेलं, मालक," ते म्हणाले. "ज्या हाताला पट्टी किती आवळली ते कळत नाही, त्यानं जनावराला शिवू नये." तीस वर्षं मोतद्दारी केलेला माणूस. घोड्यापलीकडं त्याला काही येत नव्हतं. लेकीकडं हा माणूस काय करणार होता? जावयाच्या ओट्यावर बसून हाताकडं बघणार होता, मी बसलो होतो तसा; फरक एवढाच की माझ्या हातानं केलं होतं आणि त्याच्या हातानं नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला मी तबेल्यात गेलो. घोडीच्या पायावर रबरी नळीनं गार पाणी सोडायचं असतं, वीस मिनिटं, दिवसातून तीनदा. मामा पाणी सोडत बसले होते. त्यांची पत्र्याची ट्रंक दाराशी दोरीनं बांधून ठेवलेली. मी वाटभर गोष्ट रचत आलो होतो. तिच्यात थंडी होती, म्हातारपण होतं, गुडघे होते, एका जागी माझ्या दिवंगत आईचीही आठवण होती. मामांशेजारी बसलो आणि त्यातलं एकही तोंडाला आलं नाही.

"मामा, त्या रविवारी डावा पुढचा गरम होता."

पाणी वाहत राहिलं. मामांनी वर पाहिलं नाही. "मालक, माझ्या समाधानासाठी बोलू नका. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे."

"समाधानासाठी नाही. मध्यावर, बोटभर जागेत. मला लागलं."

मामांनी नळी थोडी खाली घेतली. मी वाट बघत होतो की आता ते हसतील, म्हणतील, चला, मालकांची आणखी एक. आणि खरं सांगतो, वाट बघत होतो त्याहून जास्त आशा करत होतो. मग त्यांनी विचारलं, "चहा कधी घेतलात?"

"नंतर. पाय पाहिल्यावर."

"कुठल्या हातात?"

"उजव्या."

"तुम्ही तर डाव्यात धरता."

"हो."

"आणि मग परत पाहिलात."

"हो."

मामांनी मान हलवली, हळू, एखादं मोजमाप जुळल्यासारखी. "तुमच्या गोष्टीत नेहमी काहीतरी उडतं," ते म्हणाले. "यात काहीच उडालं नाही." एवढंच. ओरडले नाहीत. मी शिव्यांची तयारी करून आलो होतो, शिव्या मला पेलल्या असत्या, मी त्यांची पुढं गोष्ट केली असती. ते उठले, नळी माझ्या हातात दिली, आणि स्वतःचा उजवा हात पाठपोट उलटापालटा करून बघत राहिले. परगावी गेलेला माणूस परत येऊन दारात उभा राहावा आणि त्याच्याकडं बघावं, तसं. मग घोडीपाशी बसले, हात उतरवला. एकदाच. पुतणीला हाक मारली नाही.

मी म्हटलं, "मामा, मला—"

"पाणी पायावर धरा. जमिनीला नाही लागलेलं."

मी पाणी पायावर धरलं. वीस मिनिटं झाल्यावर ते म्हणाले, "मी जात होतो ते हाताला कळेना म्हणून. हाताला कळतंय, तर जाऊन काय करू? डोळ्याचं ऑपरेशन झालेली बायको आहे, तिला कशाला गावोगाव फिरवू." त्यांनी दाराशी जाऊन ट्रंकेची दोरी सोडली. गुंडाळून खुंटीला अडकवली. आणि पाठमोरेच म्हणाले, "तुम्ही रोज यायचं. तिन्ही वेळेला. पाणी तुम्ही धरायचं. पण आजपासून तिच्या पायाला हात लावायचा नाही. कधीच."

"बरं," मी म्हटलं. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. घरी जाऊन बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं, काहीही न जोडता. ती ऐकत राहिली. शेवटी ताट माझ्यापुढं ठेवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच "खरंच तर तुम्ही रोजच सांगता" असं म्हणाली नाही. ते न म्हणणं मला कुठल्याही बोलण्यापेक्षा जड गेलं.

आता मी दुकान दहाला उघडतो. दारावर पाटी लावली नाही, पण गिऱ्हाइकांना कळलं आहे; ते विचारतात, "घोडी कशी आहे?" आणि मी म्हणतो, "बसून नाही, उभी आहे." पुढं काही जोडत नाही. ते क्षणभर थांबतात, पुढच्या वाक्याची वाट बघतात, मग गोंधळून आपलं तोंड उघडतात. सकाळी साडेपाचला मी नळी धरून उभा असतो. पाणी इतकं गार की पाचव्या मिनिटाला माझी उजव्या हाताची बोटं कुणा दुसऱ्याची होतात. लोणकढी मान वळवून माझ्या मानेवर श्वास सोडते. तो श्वास गरम असतो. तिला माझ्याविषयी काहीच तक्रार नाही, आणि ते सोसायला मला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागणार आहे. पाय माझ्यापासून वीतभर अंतरावर असतो. त्या कंडरेवर आता एक गाठ धरते आहे, असं डॉक्टर म्हणतात; कसली, केवढी, मऊ की कडक, बोट टेकवलं तर मला एका क्षणात कळेल. मी टेकवत नाही.

आज सकाळी वीस मिनिटं झाली. मामा आले, तोंडात पाण्याचा घोटही न घेता. गुडघ्यांवर बसले आणि हाताची मागची बाजू डाव्या पुढच्यावरून उतरवत नेली, मध्यावर थांबले, फार वेळ थांबले, खाली गेले. मी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं, थेंबाचाही आवाज होऊ नये म्हणून.

"काय म्हणतो पाय?" मी विचारलं.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. कवळी बसवताना समोरच्याच्या चेहऱ्यावरची बारीकशी कळ मला दिसते, खोटं तर मी कुठूनही ओळखतो, सारा जन्म त्यातच गेला. त्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही.

"थंड," ते म्हणाले.

माझा हात आपोआप पुढं झाला होता. मी तो मागं घेतला, आणि ते खरं मानलं.